जत्रा, बाजार आणि डबा : साष्टीतल्या कौटुंबिक सहलींविषयी

‘आमची सहल’ हा निबंध लिहिल्याशिवाय मराठी माध्यमातले कोणी शाळेबाहेर पडत नाही. पहाटे उठणे, आईने केलेल्या पुऱ्या, गाडीतल्या भेंड्या, निसर्गाचे रम्य दर्शन आणि सूर्य मावळतीला गेल्यावर जड पावलांनी परतणे, असा त्याचा ठरलेला साचा असतो. आम्ही दोघी उपनगरातल्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. या साच्याचा कंटाळा येऊन काही वर्षांपूर्वी आम्ही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना जरा वेगळा स्वाध्याय दिला. घरातल्या सर्वांत वयस्कर स्त्रीला तिच्या लहानपणीच्या सहलीविषयी विचारायचे आणि ती जे सांगेल ते लिहून आणायचे. बहुतेकांनी आजीच्या तोंडी शाळेतलाच निबंध घातला. एका मुलीने मात्र अर्ध्या पानात लिहिले की तिची आजी सहलीला कधी गेलीच नाही, पण सहली तिच्याकडे येत असत. ती राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या रस्त्यावर करवंदे आणि जांभळे विकायची. त्यावर आम्ही लाल शाईने ‘विषयाला धरून नाही’ असा शेरा मारला आणि वीसपैकी सहा गुण दिले.

तो शेरा चुकीचा होता. का चुकीचा होता हे कळायला आम्हांला बराच काळ लागला आणि त्यासाठी साष्टीच्या इतिहासातून थोडी पायपीट करावी लागली. तिचाच हा वृत्तान्त.

‘साष्टी’ हा शब्द आज अंधेरी-बोरिवलीतल्या तरुण वाचकांना परका वाटेल. वांद्र्यापासून वसईच्या खाडीपर्यंत आणि पूर्वेला ठाण्यापर्यंत पसरलेले, मुंबई बेटाच्या उत्तरेचे हे मोठे बेट. ते पोर्तुगीजांकडे होते, १७३९च्या वसई मोहिमेच्या काळात मराठ्यांकडे आले आणि १७७४ साली इंग्रजांनी घेतले. मुंबई बेटाचे शहर झाले तरी साष्टी दीर्घकाळ खेड्यांचीच राहिली. भातशेती, मिठागरे, ताडीची झाडे, कोळीवाडे, ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणे आणि मधल्या डोंगरात वारल्यांचे पाडे. बोरिवली आणि मुलुंड बृहन्मुंबईच्या हद्दीत आले ते १९५७ साली. अंधेरी-घाटकोपर त्याआधी, १९५० साली. म्हणजे आमच्या आज्या लग्न होऊन या भागात आल्या तेव्हा त्या मुंबईत आल्या नव्हत्या, मुंबईजवळच्या गावात आल्या होत्या. गावाला बाजार होता, देऊळ वा चर्च होते आणि शिवेवर जंगल होते.

या जंगलातल्या कान्हेरीच्या लेण्यांत सहलीचा, निदान सहलीसारख्या भेटीचा, एक फार जुना पुरावा आहे. क्रमांक ९०च्या लेण्यात पहलवी लिपीत कोरलेले तीन लेख आहेत. त्यांतले दोन इ.स. १००९चे आणि एक १०२१चा. झरथुश्त्री धर्माच्या काही मंडळींनी या स्थळाला भेट दिली आणि आपली नावे, आपल्या वडिलांची नावे व तारीख भिंतीवर नोंदवली. हे लोक का आले होते? व्यापारासाठी, कुतूहलापोटी, की आणखी कशासाठी? लेख त्याविषयी मौन पाळतात. ‘आम्ही अमुक जण अमुक दिवशी येथे येऊन गेलो’ एवढेच ते सांगतात. ऐतिहासिक वास्तूवर नाव कोरणाऱ्या आजच्या पर्यटकाला आपण नावे ठेवतो; हजार वर्षांचे अंतर पडले की त्याच कृतीला शिलालेख म्हणतो! असो.

आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. या यादीत मुलांच्या नावाला बापाचे नाव जोडलेले आहे, आईचे नाही. याच कान्हेरीत त्याहून आठ-नऊशे वर्षे जुने ब्राह्मी लेख आहेत. लेणी, पाण्याची पोढी, बाके कोरवून देणाऱ्या दात्यांचे हे लेख. त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोपाऱ्याचे लोक आहेत, आणि स्त्रियाही आहेत. भिक्षुणी आहेत तशा गृहस्थ घरांतल्या बायकाही, स्वतःच्या नावाने दान देणाऱ्या. कल्याण आणि सोपारा ही त्या काळातली मोठी बाजारपेठांची गावे. तिथल्या बाजारात मिळवलेला पैसा डोंगरातल्या या एकांतात दगड होऊन उभा आहे. बाजार आणि वनातले पवित्र स्थळ यांची ही जोडी कोकणपट्टीत फार जुनी आहे. पुढे जिला आपण जत्रा म्हणतो तिच्यात हे दोन्ही पदर एकत्र विणलेले असतात.

‘जत्रा’ हे ‘यात्रे’चेच तद्भव रूप. पण मराठी माणूस हे दोन शब्द एका अर्थाने वापरत नाही. यात्रेला निघताना घरचा निरोप घ्यावा लागतो. जत्रेहून संध्याकाळी परत येता येते. यात्रेत पुण्य मिळवायचे असते, जत्रेत पुण्याबरोबर मडकी, घोंगडी, बांगड्या आणि शेवेची पुडी मिळते. कान्हेरीला महाशिवरात्रीला माणसांची रीघ लागते. बौद्ध लेण्यांच्या डोंगरात शिवरात्र कशी, हा प्रश्न जत्रेला जाणाऱ्याला कधी पडला नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या सप्टेंबरातल्या जत्रेत ख्रिस्ती नसलेली कुटुंबेही मेणबत्त्या घेऊन उभी असतात. मढच्या वाटेवर एरंगळला समुद्राकाठच्या जुन्या चर्चचा सण जानेवारीत होतो आणि तिथेही कोळी, भंडारी, ख्रिस्ती सारे एकाच वाळूत बसून जेवतात. ज्यांना ‘सहल’ हा शब्द ठाऊक नव्हता, त्या घरांच्या घराबाहेरच्या दिवसाला ही अशी निमित्ते लागत.

बायकांना तर निमित्ताखेरीज घराबाहेर दिवस काढताच येत नसे. कार्तिकातले आवळीभोजन घ्या. आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचे हा धार्मिक विधी, पण त्यातला खरा गाभा एवढाच की त्या दिवशी पानावर बसताना डोक्यावर छप्पर नसते. डोहाळजेवणातही बागेतले, नावेतले, चांदण्यातले असे प्रकार होते. घरातल्या गर्भारशीचे डोहाळे हे साऱ्या बायकांना बाहेर पडायला मिळालेले सबळ कारण असे. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी या विधींच्या अर्थाविषयी पुष्कळ लिहिले आहे. आम्हांला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की विधीचा अर्थ शोधण्याआधी त्या दिवशी स्वयंपाक कुठे झाला, कोणी उचलून नेला आणि परतल्यावर भांडी कोणी घासली हे विचारावे.

मग रेल्वे आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून. पश्चिमेच्या बाजूला १८६७ साली विरारहून मुंबईकडे रोजची लोकल सुरू झाली. तिच्या थांब्यांची जुनी नावे वाचताना गंमत वाटते : बोरिवलीचे ‘बोरेवला’, अंधेरीचे ‘अंदारू’ आणि आजच्या गोरेगावाच्या जागी ‘पहाडी’. ही गाडी विरार-वसईहून मुंबईकडे भाजी, केळी, फुले आणि मासळी घेऊन जाऊ लागली आणि त्याच रुळांवरून उलट दिशेने गिरगाव-दादरची कुटुंबे हवा खायला येऊ लागली. एकाच रुळांवरचे हे दोन प्रवास नीट ध्यानात ठेवायला हवेत. एकीकडे टोपल्या शहरात जातात, दुसरीकडे डबे खेड्यात येतात. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली आणि बोरिवलीला सकाळी येऊन संध्याकाळी परतणे मध्यमवर्गीयांना सहज जमू लागले.

पण गाडी असून भागत नाही, सुट्टीही लागते. सहलीच्या इतिहासात कोणी सहसा नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव घेत नाही. आम्हांला ते सर्वांत आधी घ्यावेसे वाटते. गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ पासून तिची मागणी लावून धरली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मान्य झाली. त्या वर्षी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर कामगारांची जी प्रचंड सभा झाली तिच्यात दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली, हे स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात रमणाऱ्या आपल्या अभ्यासक्रमांना फारसे आठवत नाही. रविवार मिळाला म्हणून पुढे रविवारची सहल आली. फक्त एक बारीक फरक आहे. गिरणीतल्या बाईला रविवार मिळाला तो गिरणीपासून, चुलीपासून नव्हे. सहलीच्या दिवशी तर चूल पहाटे तीनलाच पेटे.

आमच्यापैकी एक बोरिवलीत वाढली, दुसरी मुलुंडला. बोरिवलीच्या घरातल्या सहलीचे साहित्य आजही डोळ्यांसमोर आहे : फिरकीचा तांब्या, कडीचा चार पुडांचा डबा, तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, दहीभात, वर्तमानपत्रात बांधलेले लिंबाचे लोणचे, एक सतरंजी आणि बाबांचा ट्रान्झिस्टर. उद्यानात ‘वनराणी’ नावाची लहानगी आगगाडी होती. तिच्यात बसायला मिळाले म्हणजे दिवस सार्थकी लागला. कान्हेरीला चढायला आई मात्र क्वचितच आली. ती खाली सावलीत सामानाजवळ बसे. ‘तुम्ही जाऊन या,’ असे म्हणे आणि आम्हांला ते फार उदारपणाचे वाटे. ती रात्रभर जागी होती आणि तिचे पाय दुखत होते, हे कळायला आम्हांला स्वतःच्या संसाराची वीस वर्षे लागली. आमच्या फोटोंच्या अल्बममध्ये कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे आहोत, आई नाही. इ.स. १००९च्या त्या पहलवी लेखाची आठवण होते ती इथे.

मुलुंडच्या घराची तऱ्हा वेगळी होती. वडील मूळचे मुरबाडच्या पुढचे. त्यांच्या दृष्टीने बागेत जाऊन गवतावर बसणे हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय होता. वर्षातून एकदा कुटुंब घराबाहेर पडे ते पौषातल्या पौर्णिमेच्या सुमारास, म्हशाच्या जत्रेला. मुरबाड तालुक्यातले म्हसे हे लहान गाव. खांबलिंगेश्वराचे, म्हणजे लोकांच्या म्हसोबाचे, ठिकाण. पण त्या जत्रेची कीर्ती गुरांच्या बाजारासाठी. लोकलने कल्याण, तिथून एसटीने मुरबाड आणि पुढे मिळेल त्या वाहनाने. मुरबाडच्या बाजारात चहा-भजी होत. आई तिथे सुकी मासळी पाहून ठेवी आणि परतताना घेई, कारण आधी घेतली तर दिवसभर वास येतो. जत्रेत वडील बैलांचे दात पाहात हिंडत. त्यांच्याकडे बैल नव्हता, गोठा नव्हता, मुलुंडला दोन खोल्या होत्या. तरी ते प्रत्येक बैलाचा भाव विचारत, घासाघीस करत आणि शेवटी मान हलवून पुढे जात. घोंगडी मात्र खरोखरच घेत. त्या दिवशी ते कारखान्यातले फिटर नसत, शेतकरी असत. ही सहल होती का? शाळेच्या निबंधात ती कधी लिहिली गेली नाही. त्यात निसर्गाचे रम्य दर्शन नव्हते. धूळ, शेण आणि माणसे होती. वर्गात बोरिवली-उद्यानाचा निबंध वाचून दाखवला गेला आणि म्हशाच्या जत्रेची मुलगी गप्प बसली. आम्हां दोघींची मैत्री पुढे झाली तेव्हा या गोष्टीवरून आमचा पहिला वाद झाला होता, हेही इथे सांगून टाकतो.

मराठी साहित्याने या प्रकारात कोणती बाजू घेतली? आपल्याकडे प्रवासवर्णनाची परंपरा मोठी आहे. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आहे, पंडिता रमाबाईंचे अमेरिकेचे प्रवासवृत्त आहे, अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ आहे, पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आहे. परंतु प्रवासवर्णन होण्यासाठी माणसाने दूर जायला हवे, असा अलिखित संकेत आपण पाळला. संध्याकाळी परतणाऱ्या प्रवासाला वाङ्मयप्रकार मिळाला नाही. तो शाळेच्या निबंधाकडे आणि विनोदी लेखाकडे गेला. विनोदी लेखात कुटुंबाची सहल म्हणजे हरवलेला डबा, चुकलेली गाडी आणि वैतागलेला नवरा. हसू येते, नाही असे नाही. पण त्यातही निवेदक नवराच असतो. ज्या बाईने तो डबा भरला तिच्या नजरेतून लिहिलेला सहलीचा विनोद आमच्या वाचनात फार थोडा आला आहे.

पु. ल. स्वतः जोगेश्वरी आणि पार्ले येथे वाढले. उपनगराचे खेडेपण सरत असतानाचा तो काळ. त्यांच्या पिढीनंतर हे चित्र झपाट्याने पालटले. १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत उभी राहू लागली. शहरातले तबेले डोंगराच्या पायथ्याशी आणायचे ही तिची कल्पना. तिथे ‘छोटा काश्मीर’ नावाची बाग झाली, नौकाविहार आला, आणि दूध कसे तयार होते हे मुलांना दाखवण्याच्या निमित्ताने आणखी एक सहलीचे ठिकाण मिळाले. खेडे मागे हटत होते तसतशी खेड्याची प्रतिकृती बाग म्हणून बांधली जात होती. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले आणि आमच्या पिढीच्या शालेय सहलींनी तिकडे मोर्चा वळवला. तिथे जत्रेतले पाळणे होते. बाजार आणि देव वगळलेले.

या साऱ्यांत जंगलात राहणारी माणसे कुठे होती? ती तिथेच होती. आरेमध्ये आदिवासींचे सत्तावीस पाडे असल्याचे सांगितले जाते. उद्यानाच्या हद्दीतही पाडे आहेत. जंगल संरक्षित झाले, फाटक आले, तिकीट आले. १९९७ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उद्यानातली अतिक्रमणे हटवण्याची मोठी मोहीम झाली. पाड्यांचा प्रश्न तिच्यात गुंतून पडला. २०१९च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे रात्रीतून तोडली गेली तेव्हा आमचे अनेक विद्यार्थी तिकडे धावले. ‘आम्ही लहानपणी इथे सहलीला यायचो,’ असे ते कळवळून सांगत होते. ते खरेच होते. पण त्यांच्या शेजारी उभी असलेली पाड्यातली मुले तिथे सहलीला येत नव्हती. ती तिथे राहत होती.

आणखी एका बदलाची नोंद करायला हवी. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर कान्हेरीकडे, अंधेरीच्या महाकाली लेण्यांकडे बौद्ध कुटुंबे वेगळ्या नजरेने येऊ लागली. आमच्या एका विद्यार्थ्याने त्याच्या स्वाध्यायात लिहिले होते की त्याची आजी लेण्यात शिरताना चपला काढते आणि आत डबा उघडू देत नाही. शेजारच्या ओट्यावर दुसरे कुटुंब पत्ते खेळत असते. एकाच जागी एकाची सहल, दुसऱ्याची वंदना. त्याला आम्ही सोळा गुण दिले होते, कारण त्यात ‘निरीक्षण’ होते. करवंदांच्या टोपलीत आम्हांला निरीक्षण दिसले नाही.

गेल्या वर्षी आम्ही त्या मुलीला शोधून काढले. ती आता एका दवाखान्यात नोकरी करते. तिने मोठ्या मनाने आम्हांला आजीकडे नेले. आजी थकल्या आहेत, पण बोलायला खणखणीत. आम्ही प्रस्तावना करून, चाचरत, मूळचा प्रश्न पुन्हा विचारला : तुम्ही घरची सगळी मिळून कधी फिरायला जात होता का? त्या म्हणाल्या, ‘सोमवारी.’

आम्हांला कळले नाही. नातीने उलगडा केला. राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते. त्या दिवशी फाटकातून गिऱ्हाईक येत नाही म्हणून टोपली उचलायची नसते. रविवारी साऱ्या मुंबईची सुट्टी, तेव्हा यांचा कामाचा सर्वांत मोठा दिवस. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार या घरापर्यंत पोचला तो गिऱ्हाइकांच्या रूपाने. सोमवारी मात्र आजी, आजोबा आणि मुले चालत बोरिवलीच्या बाजारात जात. रविवारच्या विक्रीचे पैसे कनवटीला असत. मीठ, तेल, सुकट, जवळा, मुलांना रबरी चपला. स्टेशनाजवळ एके ठिकाणी उसाचा रस मिळे, तो एका पेल्यात दोघांना. मुलांना जिन्यावर उभे करून गाड्या दाखवायच्या. विरार गाडी, चर्चगेट गाडी. धाकट्याला गाडीचा भोंगा आवडायचा म्हणून एक गाडी जास्त थांबायचे.

‘आणि डबा?’ आम्ही विचारले. सवयच लागली आहे.

‘डबा कशाला? बाजारात गेल्यावर डबा कोण नेतो?’ आजी हसल्या. त्या दिवशी त्या दुपारचा स्वयंपाक करत नसत. वडापाव घेत, आणि तो स्टेशनाबाहेरच्या कठड्यावर बसून सगळे खात. येणारे-जाणारे शहरातले लोक पाहत बसायला त्यांना फार मजा वाटे. उतरल्या उतरल्या ही माणसे इतकी घाईत कुठे जातात, असे धाकटा विचारत असे.

निघताना त्यांनी आम्हांला विचारले, तुम्ही कान्हेरीला येता का? आम्ही म्हटले, येतो, मुलांना घेऊन येतो, वर्षातून एकदा. कोणत्या वारी? आम्ही म्हटले, रविवारी. त्यांनी मान हलवली आणि नातीला सांगितले की बाईंना रस्त्यापर्यंत सोडून ये, अंधार पडतो आहे, इथे बिबट्या फिरतो.